पुढचं नाव

"आता ही पोरगी गाईल," फिडल वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने जुईकडे बोट दाखवलं. बंदरावरचा पब गप्प झाला.

जुईच्या हातातलं कालव तसंच राहिलं. शेवाळावर संशोधन करायला ती गुहागरहून आयर्लंडला आली, त्याला अख्खा हिवाळा उलटला होता. दर शनिवारी ती इथे कालवं खायची, गाणी ऐकायची आणि कुणाशी न बोलता खोलीवर परतायची.

"मला नाही हो येत गाता."

"मलाही कुठे येतं? तरी तुम्ही सगळे सोसताय ना!"

सगळे हसले. तिने डोळे मिटून गावाकडचं, होडी ओढतानाचं गाणं म्हटलं. लोकांनी टेबलांवर ठेका धरला.

टाळ्या थांबल्यावर म्हातारा म्हणाला, "तुझं नाव न विचारताच मी बोट दाखवलं, ते चुकलंच. इथे गाणाऱ्यानेच पुढच्याला नावाने बोलवायचं असतं. बोलव कुणालाही!"

जुईने सगळीकडे पाहिलं. चेहरे ओळखीचे होते, पण नाव एकाचंही ठाऊक नव्हतं. लोक वाट पाहत होते. तिने शेजारी एकट्याच बसलेल्या बाईंना हळूच विचारलं, "तुमचं नाव काय?"

"नोरा. पण खबरदार मला बोलावलंस तर!"

जुई उभी राहिली. प्रयोगशाळेबाहेर या देशात तिने अजून कुणालाच नावाने हाक मारली नव्हती.

"नोरा!"