बिनचूक पत्रं

“आता पुढाऱ्याचं भाषण काढा, म्वालिमू,” वामाल्वा म्हणाला.

सिताती मास्तरांनी मान हलवली तशी नेलिमाने कळ दाबली. पडद्यावर भाषण उमटलं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, मी बोलणारा नाही, करून दाखवणारा आहे.’

“परवा बाजारात हेच झालं,” नलियाका म्हणाली. “दोन तास सांगत होता, मी बोलणारा नाही.”

पोरं खिदळली. मास्तरही हसले.

बुंगोमाच्या बाजारात नेलिमाचं संगणकाचं दुकान होतं. मास्तर निवृत्त झाले तरी शिकवल्याशिवाय त्यांना करमत नसे, म्हणून शनिवारी सकाळी ती सगळे संगणक त्यांच्या पोरांसाठी मोकळे ठेवी. तीही त्यांचीच विद्यार्थिनी, अजून त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणणारी. लेखनाचा प्रकार सांगितला की यंत्र लगेच मजकूर लिहून देतं, अशी इंटरनेटवरची एक जागा तिनेच शोधून दिली होती. मास्तर त्यावरून साचे ओळखायला शिकवत. गोष्टीत ससा तरसाला फसवणारच. बातमीत चौकशी सुरू असणारच.

“आता पत्र,” मास्तर म्हणाले. “परदेशी गेलेल्या मुलाचं.”

नेलिमा जरा थांबली. मग तिने कळ दाबली.

‘प्रिय बाबा, मी सुखरूप आहे. इथे ऊन फार आहे. काम चांगलं चाललं आहे. तब्येत सांभाळा. देव तुमचं भलं करो.’

“आणखी एक.”

दुसरं आलं, तिसरं आलं. ऊन तेच, देव तोच.

“यात काय नाही, सांगा.”

नलियाका डोकं खाजवत म्हणाली, “काही विचारलंच नाही. माझा दादा मोंबासाहून फोन करतो तेव्हा आधी विचारतो, गाय व्याली का, माझा शर्ट कोण घालतंय.”

“कोण घालतंय?”

“मीच,” ती म्हणाली.

“शाबास. यंत्राला आपलं घर ठाऊक नाही, म्हणून ते घरचं विचारत नाही. खरं पत्र विचारतं.”

“तुमच्या तांबड्या कोंबडीचंसुद्धा?” वामाल्वाने विचारलं. “ईस्टरला आणली ती. बसली ना अंड्यांवर?”

“सात अंड्यांवर बसली आहे.”

“मकोखादादाला कळवलंत?”

“कतारला बसलेल्या माणसाला कोंबडीच्या कथा कशाला?” मास्तर म्हणाले आणि पडद्यावरच्या पत्राकडे बघत राहिले.

नेलिमाने पडदा बंद केला. “वेळ झाली, म्वालिमू.”

घरी येऊन मास्तरांनी बिस्किटांचा डबा उघडला. मकोखाला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याची पत्रं नेलिमाच्या दुकानात येत. मास्तरांना कमी दिसे, म्हणून ती मोठ्या अक्षरांत छापून देई. ते हाताने उत्तर लिहीत, ते ती संगणकावर उतरवून पाठवी.

मकोखाची पहिली पत्रं हाताने लिहिलेली होती, टपालाने आलेली. त्यांत चुकांचा नुसता बुजबुजाट, आणि प्रश्नांचाही. छपराची गळती थांबली का? आईच्या कबरीवरचं गवत कोण काढतं? मास्तरांनी वाचता वाचता लाल शाईने सगळं दुरुस्त केलं आणि खाली शेरा मारला, ‘घाई नको.’ मग चांगल्या मनाने ती पत्रं त्याला परत पाठवली. चौतीस वर्षांची सवय होती.

नंतर चार महिने काहीच आलं नाही. मग संगणकावर पत्रं येऊ लागली, दर महिन्याला एक, बिनचूक. “बघ, पोरगा सुधारला,” असं ते नेलिमाला कितीदा म्हणाले होते.

आता त्यांनी ती एकेक करून वाचली. सुखरूप. ऊन. काम. तब्येत. देव. तीन वर्षांत एकही प्रश्न नव्हता.

पोरगा बापासाठी एक कळ दाबत होता. आणि आपल्या लाल शाईनेच त्याला त्या कळेकडे ढकललं होतं.

सोमवारी ते कागद घेऊन दुकानात गेले. नेलिमा वाचू लागली. ‘बाळा, तू घरची चौकशी केलीस आणि मी तुझ्या चुका मोजल्या. माझं चुकलं. आता कसंही लिही, मी पेन हातात घेणार नाही. दोनच ओळी लिही, पण तू लिही.’

तिने कागद खाली ठेवला.

“हे पाठवायचंच का, म्वालिमू?”

“का? काही चुकलंय?”

“नाही,” ती म्हणाली. “तुमचं काही चुकलेलं नाही.”

नऊ दिवसांनी ती स्वतः घरी आली. छापलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि चहालाही न थांबता गेली.

‘बाबा, तुमचं पत्र वाचून रडू आलं. काय लिहायचं सुचत नाही. तुम्ही वाईट नाही. तुम्ही शिकवलंत म्हणून मी चार लोकांत उभं राहू शकते आहे. गुडघा कसा आहे? गोळी घेता का विसरता? एकटे जेवताना रेडिओ लावता ना? आणि तांबड्या कोंबडीची पिल्लं निघाली का?’

एक वाक्य वाकडं गेलं होतं, पण मास्तरांचं पेनाकडे लक्षही गेलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. हे यंत्राचं नव्हतं. हे माणसाने लिहिलं होतं.

त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

चुलीमागे बारीक चिवचिव चालली होती. मग त्यांनी कोरा कागद ओढला. ‘प्रिय’ लिहून हात थांबला. पुढची जागा त्यांनी मोकळीच सोडली आणि खाली लिहिलं:

‘सातांतून पाच निघाली. एक तुझ्यासाठी राखून ठेवलंय. संध्याकाळी दुकान बंद केलंस की ये, घेऊन जा.’