टोलच्या बातमीतली इंग्रजी

“परत वाच. आणि जरा भरभर,” आजोबा डोळे न उघडता म्हणाले.

नातीने वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं आणि टोलनाक्याच्या वादाची इंग्रजी बातमी तिसऱ्यांदा वाचली. मध्येच थांबून तिने ‘एक्झेम्प्शन’ म्हणजे काय ते विचारलं. आजोबांनी डोळे उघडले, हवा भरलेली ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडा आला तिथे खूण केली आणि म्हणाले, “सूट. आपण मागतो ती. ते देत नाहीत ती.”

महिन्यापूर्वी या माणसाला ‘यस’ आणि ‘नो’ सोडून इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. सगळी हयात पंक्चर काढण्यात गेलेली. दुकान वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, पण मध्ये टोलनाका उभा राहिला आणि गिऱ्हाईक तुटलं. एका पंक्चरसाठी जाता-येता टोल भरायला कुणाला वेड लागलंय? टोलची मूळ मुदत केव्हाच संपली होती, पण मुदतवाढ मिळाली आहे असं टोल वसूल करणारी कंपनी सांगत होती. वस्तीने सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रार केली होती आणि त्याच्यापुढे सुनावणी चालू होती. शेवटच्या सुनावणीत निकाल विरोधात गेला, तर चाळीस वर्षांच्या दुकानाला कायमचं कुलूप लागणार होतं.

पहिल्या सुनावणीहून आजोबा परतले ते तडक नातीकडे. ती कॉलेजात शिकत होती. मला इंग्रजी शिकव, म्हणाले, पण टोलच्या बातम्यांतलंच शिकव, बाकीचं सगळं तुझं तुला लखलाभ. म्हातारबुवांना साहेबापुढे इंग्रजीत भाषण ठोकायचंय, हे तिने ओळखलं आणि मनातल्या मनात हसली. पिकल्या केसांना कसली इंग्रजी येणार?

पण चार दिवसांत तिचं हसू पळालं. एकदा कानावर पडलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आठवड्याभरात दहाचे पन्नास झाले. पंधरा दिवसांनी आख्खी बातमी ऐकून ते तिचा मतलब सांगू लागले, आणि तोही बिनचूक. ती थक्क होऊन बघत राही. एवढं डोकं या माणसाने चाळीस वर्षं कुठे ठेवलं होतं? कधी कधी तिला त्यांच्याकडे बघून भरून येई.

एकच पंचाईत होती. बोला म्हटलं की आजोबा मूग गिळून गप्प.

“मास्तरीणबाई, तू वाच. मी ऐकतो,” एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यातून त्यांच्या तऱ्हा निराळ्या. कधी कॉम्प्रेसर धडधडत असताना वाचायला लावत. कधी तिला पाठमोरी बसवत, कधी तोंडातल्या तोंडात पुटपुट म्हणत. बुजतात बिचारे, असं तिने स्वतःला समजावलं. शेवटी चार सोपी वाक्यं तिनेच देवनागरीत लिहून दिली आणि रोज घोकून घेतली. त्यांनी ती निमूटपणे घोकली, पण त्यात त्यांचा जीव नव्हता.

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. आजोबांना पंख्याखालची खुर्ची मिळत होती, ती सोडून ते दुसऱ्या रांगेत, कंपनीच्या मॅनेजर आणि वकिलाच्या अगदी पाठीमागे जाऊन बसले. नात मागे भिंतीशी उभी राहिली. वस्तीच्या बाजूने शाळेचे गुरुजी बोलले, पण वकिलाने दोन प्रश्न विचारताच त्यांची गाडी अडखळली. वकील आणि मॅनेजर आपसात बोलत होते, हसत होते. त्यांना कशाची फिकीर नव्हती. आणि आजोबा? मान छातीवर टेकलेली, डोळे मिटलेले. लागली डुलकी, तिला वाटलं.

अधिकाऱ्याने कागद आवरायला घेतले. आणखी कुणाला काही सांगायचं आहे का, त्याने विचारलं.

मग आजोबा उठले.

घोकून घेतलेलं पहिलं वाक्य नात ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, जणू तिथून ते त्यांच्या तोंडात जाणार होतं.

“साहेब,” आजोबा हात जोडून म्हणाले, “मला इंग्रजी बोलता येत नाही.”

वकिलाने घड्याळ पाहिलं. नातीला रडूच फुटायचं बाकी होतं. महिनाभराची मेहनत पाण्यात गेली होती.

“पण आत्ता हे मॅनेजरसाहेब वकीलसाहेबांना इंग्रजीत म्हणाले,” आजोबा सावकाश सांगू लागले, “की मुदतवाढीच्या पत्रावर अजून सहीच झालेली नाही, आणि या अडाणी लोकांपैकी ते पत्र कुणी बघायला मागणार नाही. तर साहेब, ते पत्र मी बघायला मागतोय.”