हिरवी मांदेली

समुद्राची आण, यातला शब्द न् शब्द खरा! खोटा निघाला तर माझी जीभ झडो.

तारापूरच्या किनाऱ्यावर मंजुळाची मांदेली वाळत पडली होती, आणि मुंबईची दोन माणसं पंपानं तिच्यावर हिरवा रंग मारत होती.

मंजुळा ओरडतच धावली. "ए मेल्यांनो! उद्या पालघरच्या बाजारात न्यायची हाय ती!"

टोपीवाला डायरेक्टर हसत पुढे आला. "मावशी, पिक्चर काढतोय. गेल्या वर्षी रशियात अणुभट्टी फुटली ना, त्याच्यावर."

"मंग रशियात जा! माजी मासळी कशाला रंगवतोस?"

"किरणं लागून मासे मेलेत, असा सीन आहे. म्हणून हिरवे चमकतात."

"अरे, मेलेलेच हायत ते! मीच सुकत घातलेत. आनि किरनं डोल्यांना दिसतात व्हय रे? तिकडं चमकले का मासे?"

"नाही. पण पब्लिकला कळायला नको?"

मंजुळाचं टाळकं फिरलं. "लोकांची भरली घरं सुटली तिकडं. ती दाखव की! खरं दुख्ख ठेवलंस बाजूला, न् माशांना रंग फासतोस? हा किनारा पडद्यावर कोन वलखनार नाय का? मंग माजी पाटी कोन घेल? रंग तुजा, न् नाव खराब आमचं!"

तिची नणंद पुष्पलता मागून पदर ओढत म्हणाली, "वयनी, हलू बोल. हिरो बगतोय."

"बगू दे! त्यालापन ऐकवते!"

डायरेक्टरची मान खाली गेली. पण पिक्चर काढायचा तो काढलाच मेल्यानं. पालघरला लागला, तुफान चालला. बाजारात बायका मंजुळाच्या पाटीवरचं फडकं उचलायच्या, आत डोकवायच्या आणि म्हणायच्या, "नको गं बाई, तुमच्याकडची चमकते." पाटी भरलेली जायची, भरलेली घरी यायची. रंग मारणारे तिकडे मुंबईत हारतुरे घेत होते!

आता आण घेतलीच आहे तर सांगून टाकते. सगळं खरं, फक्त ते भांडण तेवढं माझ्या पदरचं. डायरेक्टरनं विचारलं, "मावशी, सीनमध्ये तुम्ही मराल का?" तशी मंजुळा लाजली, घरी जाऊन अबोलीचा गजरा माळून आली, आणि त्या हिरव्या मांदेलीत सगळ्यांच्या आधी आडवी होऊन झकास मेली.