दुसरा कण

"तुझे चार मार्क मी चुकून कापले," सर म्हणाले. "तेवीस वर्षांपूर्वी, वार्षिक परीक्षेत."

मोटारवाल्याने हातातली तांब्याची तार सोडली नाही. पंपाची मोटार जळून आली होती आणि गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं. त्याने पायानेच स्टूल पुढे सरकवलं. सर बसले नाहीत. माफी बसून मागायची नसते, असं त्यांचं मत होतं. मतं त्यांची बरीच होती.

"प्रश्न आठवतो? एक कण वेगाने येतोय, दुसरा स्थिर आहे. दोघांचा विद्युतभार सारखा, वस्तुमान सारखं. म्हणजे एकमेकांना ढकलणार. तर ते जास्तीत जास्त किती जवळ येतील?"

"तुम्ही सांगायचात, जवळ आले की दोघंही थांबतात."

"नाही थांबत." सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "दुसरा काही खिळ्याने ठोकलेला नाही. रेटा बसला की तोही सरकतो. सगळ्यात जवळ असतात तेव्हा दोघं एकाच वेगाने पुढे चाललेले असतात. निम्मी ऊर्जा त्या चालण्यातच राहते. ढकलाढकलीला उरते निम्मी. म्हणून अंतर माझ्या उत्तराच्या दुप्पट. तू दुप्पटच लिहिलं होतंस."

ही चूक सरांनी एकतीस वर्षं शिकवली. कुणी शंका काढलीच तर ते "फळ्यावर बघ" म्हणत, आणि फळ्यावर त्यांनीच लिहिलेलं असे. या पोराचं उत्तर तर त्यांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. वर्ग पोट धरून हसला होता. पोरगा तीन मार्कांनी नापास झाला आणि बापाने त्याला शाळेतून काढून या दुकानात बसवलं. मागच्या महिन्यात जुन्या वह्या रद्दीत काढताना सरांनी ते गणित सहज पुन्हा सोडवलं. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

दुकानाचा पत्ता त्यांच्या मुलाने काढून दिला. तो याच्याच वर्गातला. या प्रश्नात त्याला पैकीच्या पैकी होते. एवढा हुशार मुलगा विज्ञान सोडून बँकेत का चिकटला, हे सरांना कधी कळलं नाही. विचारावं तर बाप-लेकात बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं नव्हतं. आताही त्याने गाडी इथवर मुकाट्याने आणली आणि तो काच वर करून बाहेर बसला होता.

"अख्ख्या वर्गात तू एकटा बरोबर होतास," सर म्हणाले. "तुझं आयुष्य मी वाया घालवलं. मला माफ कर."

मोटारवाला चांगलाच अवघडला. त्याने तार खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसले.

"सर, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी बाकावरच्या शेजाऱ्याचं बघून लिहिलं. शून्य बरोबरच होतं."

"कसं शक्य आहे? बाकी सगळ्यांनी माझंच उत्तर लिहिलं होतं. मीच तपासलेत पेपर."

मोटारवाल्याने बाहेरच्या गाडीकडे पाहिलं.

"घंटा व्हायच्या आधी त्याने सगळं खोडून तुमचं लिहिलं," तो म्हणाला. "मला खोडायला वेळ मिळाला नाही."