तुरीच्या दोन पिशव्या

दोन हजार बावीसचा नोव्हेंबर. वरूडजवळच्या बगिच्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या पहिल्या तोड्याची, संत्री तोडायला आठ दिवस उरले होते. अडुसष्ट वर्षांचे खुशालराव, कोणी बघत नाही हे पाहून, एक भरलेले कॅरेट उचलत होते. गळून पडलेली संत्री होती त्यात. वजन बरोबर वीस किलो.

कॅरेट मांडीपर्यंत आले आणि तिथेच अडले. खुशालरावांनी ते खाली ठेवले. टाकले नाही, ठेवले.

त्या घरात हंगामाचे पहिले कॅरेट मालक स्वतः ट्रकवर चढवी. वडिलांनी चढवले, मग चाळीस वर्षे खुशालरावांनी. यंदा धाकटा भाऊ केशवराव म्हणाला होता, "दादा, तुमच्यानं होत नसंल तं मी चढवतो. आन बगिचा ठेक्यानं देऊन टाकू. तुमी आराम करा."

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी खुशालरावांना दर तीन महिन्यांनी अमरावतीला इंजेक्शन घ्यावे लागे. ते रोगाला दाबते, पण दंडाचे मांस आणि हाडेही झिजवते, हे तिथे व्यायाम शिकवणाऱ्या रागिणीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. "काका, पडून राहायचं नाही. वजन उचलायचं. दर आठवड्याला अर्धा किलो वाढवायचं." म्हणून आषाढात त्यांनी तुरीच्या दोन पिशव्या केल्या, दोन-दोन किलोच्या. दर रविवारी स्वतःच्या हाताने दोन्हींत अर्धा-अर्धा किलो तूर ओतली. आता त्या दहा-दहा किलोच्या होत्या. रोज सकाळी ते त्या पंधरा वेळा उचलत.

रोज वीस किलो उचलणाऱ्याला वीस किलोचे कॅरेट जड का जावे?

ते घरात गेले, पिशव्या घेऊन आले आणि संत्र्यांच्या काट्यावर ठेवल्या. दोन्ही मिळून नऊ किलो. त्यांनी एकीची गाठ सोडून ती पोत्यावर उलटी केली. वर तूर होती. खाली सगळा कापूस.

सुभद्राबाई चहा घेऊन आल्या आणि पोते पाहून जागीच थांबल्या.

"सुभद्रा, तुरीत कापूस कसा आला?"

"आला असंल कोठून तरी."

"उडत आला काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मीच भरला. मूठ मूठ तूर काढत गेली. तुमचा हात थरथरे, घाम फुटे. मले पाहवत नव्हतं जी. शेजारची पार्बताबाई म्हने, बिमार मानसाची ताकद जपून ठेवा लागते."

"आन काढलेली तूर?"

"तूर काय करतात? वरण केलं."

"म्हंजे माह्या दंडात जायची ताकद तू मले वाटीनं वाढली?"

"तूपबी घालत होती वरून."

खुशालरावांना हसू आले. ते फार टिकले नाही. त्यांनी आपल्या दंडाकडे पाहिले. सदऱ्याची बाही त्यावर सैल लोंबत होती.

"रोगाले मारून राहिलं ते इंजेक्शन," ते हळू म्हणाले. "पन मले उभं ठेवनं माह्याच हातात आहे. तेवढंच एक काम आहे माह्याकडे, सुभद्रा. ते तरी पुरं करू दे."

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात केशवरावांची मोटारसायकल आली. कॅरेट पाहून त्यांनी ओळखले. "काय दादा, ट्रायल घेतली?"

"घेतली. नाही जमलं."

"मंग मी चढवतो. येवढा काय विचार करता!"

"तू नाही. तुही वहिनी चढवीन."

"अरे बाप्पा! बाईच्या हातानं पहिलं कॅरेट?"

"चार महिने तिनं माह्यं वजन हलकं केलं. आता तिले जड उचलू दे." मग ते सुभद्राबाईंकडे वळले. "फागुनात दुसरा तोडा येते मृग बहाराचा, त्याचं पहिलं कॅरेट मी चढवीन. ह्या पिशव्या भर पाच-पाच किलोच्या. माह्या डोळ्यांसमोर भर."

सुभद्राबाईंनी कापूस उपसून बाजूला केला. तूर भरली, काटा पाहिला, गाठी मारल्या. खुशालराव पाय रोवून उभे राहिले.

"तू मोज."

"एक," सुभद्राबाई म्हणाल्या. "दोन." दहानंतर त्या म्हणाल्या, "बस झालं आता."

"अजून पाच हायेत."

त्या वर्षी आंबियाचे पहिले कॅरेट सुभद्राबाईंनी चढवले. हमाल बघत राहिले. फाल्गुनात मृगाचे खुशालरावांनी. कॅरेट छातीशी आल्यावर क्षणभर थांबले, मग ट्रकवर गेले. बगिचा ठेक्याने दिला नाही. केशवरावांचे गुडघे पुढच्या वर्षी धरले आणि ते दादांकडेच बैठका शिकायला येऊ लागले. रागिणी अकोल्याला बदलून गेली. डंबेलला लाजणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तिच्या व्यायामाच्या खोलीत आता तुरीच्या पिशव्या असतात. पार्बताबाई गेल्या साली वारल्या. माणूस वरणानेच तगला, असे त्या शेवटपर्यंत सांगत होत्या. खुशालरावांची इंजेक्शने थांबली. ते सहा महिन्यांनी तपासणीला जातात आणि पिशव्या रोज उचलतात.

त्या पिशव्यांतल्या तुरीचे वरण आता होत नाही. दर चैत्रात सुभद्राबाई ती अंगणात पसरतात, ऊन देतात, सोंडे निवडतात. संध्याकाळी काट्यावर जोखून परत भरतात, आणि गाठ मारण्याआधी वरून एक मूठ जास्त घालतात.