किमतीचा डाग

मुंबईच्या भरतकाकांनी कापडे गावातल्या नव्या बंगल्यात एका जगप्रसिद्ध विलायती रॉकस्टारची जुनी गिटार काचेच्या कपाटात मांडली होती. स्वतःला तिच्यावर 'सा'सुद्धा वाजवता येत नव्हता, पण दिसेल त्याला धरून तिचा इतिहास ऐकवायचे. "हा काळा डाग बघितलास? त्याच्या घामाचा हाय, ओरिजिनल! सगळी व्हॅल्यू या डागाची."

महाडला क्लास लावून गिटार शिकलेल्या त्यांच्या पुतणीने, श्रुतिकाने, शाळेच्या स्पर्धेपुरती ती मागितली, तर काका फिस्सकन हसले. "ही वाजवायची गिटार नाय गो! तुझे घामट हात लागले तर कचरा होईल तिचा."

म्हणजे त्याचा घाम अत्तर आणि हिचा घाम घाण! श्रुतिकाने मनातल्या मनात काकांना कोपरापासून हात जोडले.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजेला निघाली. गोदूआत्याने कोयते-विळे घासले आणि त्याच झपाट्यात कपाटातली गिटारही काढून नारळाच्या शेंडीने खसाखसा घासली, वर हळदकुंकू लावलं. "वाजवायची वस्तू हाय, तिची पूजा नको? पन काय रे भरत्या, मळ केवढा होता तिच्यावर! आता बघ कशी लख्ख झाली."

काका धावत येऊन डागाची जागा चाचपू लागले. "वाट लावलीस, आक्का! आता काय राहिलं तिच्यात? नुसती गिटार!"

श्रुतिका टुणकन पुढे आली.



"मग आता वाजवली तर चालेल ना, काका?"