दुसरी सर्व्हिस

"तुमचा पुरस्कार त्याच्याच हस्ते आहे," कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारी बाई हातातल्या यादीवरची नजर न काढता म्हणाल्या. "त्यानं स्वतःहून मागून घेतलं."

मास्तर कोटाचं बटण लावता लावता थांबले.

टेनिस खेळाडूंचे आणि त्यांच्या कोचचे हे वार्षिक पुरस्कार. वर्षातला सर्वोत्तम कोच कोण, हे बाकीचे कोच मतं देऊन ठरवतात. यंदा त्यांनी मास्तरांना निवडलं होतं. आणि यंदाच, ऐन मोसमात, मास्तरांच्या शिष्यानं त्यांना काढून टाकलं होतं. फोनवर, तीन वाक्यांत. डाव्या हातानं खेळतो म्हणून मास्तरांनीच त्याचं नाव डावऱ्या ठेवलं होतं. सात वर्षं शिकवलं होतं त्याला. कारण विचारलं तर म्हणाला, "आत्ता नाही सांगता येणार." पुढे दोन महिन्यांनी तो कोचशिवाय खेळला आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला.

मास्तर पुरस्कार घ्यायला येणारच नव्हते. बायकोनं पाठवलं त्यांना. म्हणाली, "पाच महिने मलाच विचारताय, त्यानं असं का केलं म्हणून. मला काय टेनिस कळतं? जा, त्याला विचारून या एकदाचं."

दार उघडलं. डावऱ्या टायची गाठ सैल करत आत आला आणि मास्तरांना बघून त्यानं ती पुन्हा घट्ट केली.

"मास्तर."

"बस."

तो बसला नाही. खोलीत खुर्च्या दोनच होत्या, त्यातली एक मोकळी होती. व्यवस्थेच्या बाईंचं तिथलं काम संपलं होतं, तरी त्या यादीत काहीतरी शोधत राहिल्या. शेवटी मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्या नाइलाजानं बाहेर गेल्या.

"एक विचारायचंय," मास्तर म्हणाले.

"त्या फोनबद्दल ना? मी सांगणारच..."

"फोन राहू दे. फायनलमधला तो पॉइंट."

डावऱ्या गोंधळला. एवढ्या दिवसांत त्यानं बरीच उत्तरं तयार केली असावीत, पण या प्रश्नाचं नाही.

"समोरच्याला मॅचपॉइंट होता," मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "तुझी पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरी हळू टाकलीस आणि तिच्यामागे सरळ नेटकडे धावलास. हळू सर्व्हिसवर पुढे गेलं की समोरचा बाजूनं चेंडू काढतो आणि खेळ खलास. सात वर्षं हे तुझ्याकडून घोकून घेतलंय मी. मग तुला पुढे जायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही."

"गुपचूप कोच ठेवलायस का दुसरा? ठेवला असशील तर सांग. मला राग नाही येणार, मला फक्त माणूस बघायचाय."

"कोणीच नाही, मास्तर. प्रेक्षकांतली तुमची खुर्ची रिकामी होती. मीच रिकामी ठेवायला सांगितली होती."

डावऱ्या आता त्यांच्यासमोर, पण थोडा बाजूला उभा राहिला. कोर्टवर शिकताना उभा राहायचा तसाच.

"मी आधी तिकडेच पाहिलं," तो म्हणाला. "सवयीनं. अडलं की मी तुमच्याकडे बघायचो. तुम्ही मान हलवायचात, मग मी खेळायचो. सात मोठ्या मॅच हरलो मी तुमच्या हाताखाली. सातही अगदी बरोबर खेळून हरलो."

"मग सांगायचं होतंस मला. मान हलवू नका म्हणून."

"तुमची हलायची राहिली असती?"

मास्तरांनी विचार केला. घाईनं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. भिंतीवरच्या लहानशा टीव्हीवर मंच दिसत होता, आवाज बंद होता, कोणीतरी पुरस्कार उंचावून हसत होतं.

"नसती राहिली," ते म्हणाले.

"आणि माझीही तुमच्याकडे वळायची राहिली नसती. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तुम्ही चार शब्दांत समजावलं असतंत, आणि मी ऐकलं असतं."

मास्तरांना हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी कोटाचं बटण लावलं. हे मात्र खरं होतं. चार तर सोडाच, एका शब्दातही त्याला परत फिरवता आलं असतं.

"त्या दिवशी मी घरी टीव्हीसमोर होतो," ते म्हणाले. "तू पहिलं पाऊल पुढे टाकलंस आणि मी उभा राहून ओरडलो, 'नको'. इतक्या जोरात, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, मी पडलो."

"ऐकू आलं मला," डावऱ्या म्हणाला.

"काय?"

"तुमचं 'नको'. अगदी स्पष्ट. तरी गेलो."

मास्तरांनी उठून त्याच्या टायची गाठ सरळ केली. ती मघापासून त्यांना सलत होती.

बाई दारातून डोकावल्या. इतक्या लगेच आल्या की फार लांब गेल्या नसाव्यात. "चला, तुमचीच वेळ. आधी पुरस्कार द्यायचा, मग दोघांनी दोन दोन शब्द बोलायचे. सुरुवात कोण करणार?"

डावऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी मान फिरवली आणि दाराबाहेर मंचाच्या लोंबणाऱ्या जाड पडद्याकडे ते बघत राहिले. त्या पडद्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग या दोघांकडे पाहिलं.

"मी," डावऱ्या म्हणाला.